स्वतःच्याच पुस्तकाची उणीव सांगणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई वैरागडे यांची माझी पहिली ओळख भांडणातूनच झाली. आमच्या मराठी साहित्य मंडळात दर महिन्याला कथावाचन होई. ताईंनी घालून दिलेला नियम असा, की कथा संपली की लेखकाने तोंड मिटून बसायचे आणि बाकीच्यांनी उणिवा सांगायच्या. मी इथल्या पोलादाच्या प्लांटमधला नवा कारकून. कथा वाचून वर तिचा अर्थ सांगू लागलो. "वाचकाच्या घरी समजावायला जाणार आहात का?" ताईंनी विचारले. असा चिडलो म्हणता! तरी पुढच्या महिन्यात गेलोच.

ताई तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत. आयरिश लेखिकांच्या कथा त्या मराठीतून अशा रंगवून सांगत, की खुर्सीपारच्या वस्तीतून आलेल्या बायकांचा चहा गार होई. माझी पत्नी आजारी असताना ताईंनी रोज डबा पाठवला. एका डब्यासोबत माझ्या नव्या कथेवरचे कडक शेरेही आले.

पुढे ताईंचा पहिला कथासंग्रह निघाला. प्रकाशन समारंभाला प्रकाशक नागपूरहून आले होते आणि दुसरा संग्रह काढायचे त्यांनी कबूल केले होते. सगळ्या वक्त्यांनी नुसती स्तुती केली. आभार मानायला ताई उठल्या आणि म्हणाल्या, "शेवटची कथा फसली आहे. मला शेवट सुचेना, म्हणून त्या बाईला मी मारून टाकलं. तुम्ही कोणी बोलला नाहीत, म्हणून मीच सांगते."

प्रकाशकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित महिन्याभरात परत आले. मी तेव्हा हुडको कॉलनीतल्या ताईंच्या घरी होतो. ताईंचे यजमान वैरागडेसाहेब वैतागून म्हणाले, "तुले कोनी इचारलं होतं का? कावून बोलली?" इतरांना लावते तीच कसोटी मला लावली, एवढेच ताई म्हणाल्या. डोळे मात्र भरून आले होते. मला फार वाईट वाटले.

त्यानंतर कितीतरी वर्षे ताईंनी इतरांच्या पुस्तकांवर लिहिले आणि समीक्षक म्हणून नाव कमावले. त्याच प्रकाशकांच्या एका चांगल्या पुस्तकाचे त्यांनी मोकळ्या मनाने कौतुक केले. त्यांचा स्वतःचा दुसरा संग्रह मात्र कपाटातच राहिला.

आता ताईंच्या साठीनिमित्त मंडळ तो छापत आहे. ताईंची अट एकच, पहिले भाषण माझे आणि तेही उणिवांचे. मी मन लावून वाचले. साहेबांवर बेतलेल्या नवऱ्याला ताईंनी फार स्वस्तात सोडले आहे. तसे सांगितल्यावर ताईंनी ती कथा काढून पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "खरं आहे. पुढच्या पुस्तकात बघते."

त्या पुढच्या पुस्तकासाठी ताईंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो. उणिवा काढायला आम्ही बसलोच आहोत.