बोटभर जागा

बाई गेल्याचे मला कळले तेव्हा माझ्या डाव्या हाताची तर्जनी कागदावर टेकलेली होती. कचेरीच्या आवारातील पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या नेहमीच्या मेजावर, मी एका गृहस्थांचा वारस नोंदीचा अर्ज लिहीत होतो. ‘सदर मिळकतीचे’ एवढे लिहून झाले होते आणि पुढच्या शब्दासाठी बोट ठेवून मी जागा राखली होती, इतक्यात फोन वाजला. स्वरा धुमक बोलत होती. ही मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेते. एके काळी ती पाष्टे बाईंच्या पहिलीच्या वर्गात होती. “काका, बाई गेल्या,” ती म्हणाली. कधी, असे मी विचारले. “तेच कळत नाही. भाचीने चहा ठेवला तेव्हा बोलत होत्या. ती कप घेऊन खोलीत गेली तर...” मी फोन खाली ठेवला. बऱ्याच वेळाने समोरच्या गृहस्थांनी विचारले, “भाऊ, पुढं?” तेव्हा माझ्या ध्यानात आले की बोट अजून तिथेच आहे.

या गोष्टीला आता काही आठवडे लोटले. मालती पाष्टे यांच्याविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, नातेवाईक नव्हे. मी अर्जनवीस आहे. माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले, परंतु माझ्या अक्षराविषयी आणि मसुद्याविषयी कचेरीत आजवर दुमत झालेले नाही. चांगले नावाजलेले वकील माझा मसुदा न वाचता पुढे पाठवतात. शेजारी दोन संगणकवाले येऊन बसले असले तरी हाताने लिहिलेला अर्ज साहेब आधी उचलतात, असा माझा अनुभव आहे. बाईंची आणि माझी ओळख झाली ती मात्र त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहिण्याच्या निमित्ताने.

बाई तेव्हा लांज्याच्या वाटेवरील एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत. त्या वाडीतून सुलभा धुमक, म्हणजे या स्वराची आई, आणखी दोन बायकांना घेऊन माझ्या मेजापाशी आली. तिचा नवरा मुंबईला नोकरीत, त्यामुळे घरचे सगळे निर्णय तिच्याच डोक्यावर. “भाऊ, जून सपला, जुलै सपला, पोरीला अ आ इ येत नाय,” ती म्हणाली. “शालंत जाते नि पान्यात बोट बुडवून लादीवर रेघा मारते. नायतर झाडूचे हीर मोजते. हीर मोजायला शाला कशाला? माझ्या घरात दोन झाडू हायत.” दुसरी म्हणाली, “फाट्यावर इंग्लिश शालेची गाडी येते आता. बाईंची बदली करा, नायतर आमी पोरं गाडीत बसवतो.” पहिलीचा वर्ग मुळातच मूठभर मुलांचा. ती मुले गेली असती तर वर्ग रिकामा पडला असता, आणि वर्ग रिकामा पडला की शाळेचे काय होते, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तक्रारीच्या अर्जाबाबत माझा एक नियम आहे. वस्तुस्थिती स्वतः पाहिल्यावाचून मी लेखणी उचलत नाही. त्याप्रमाणे मी शाळेत गेलो आणि येण्याचे कारण स्पष्ट सांगून मागच्या भिंतीशी बसू लागलो. बाई उंच, सडपातळ, आवाज किंचित बसलेला. त्या म्हणाल्या, “माझ्याविरुद्धच अर्ज आहे ना? मग मागे कशाला बसता? तिथून नीट दिसणार नाही. पुढे या.”

पुढे बसून मी जे पाहिले त्याने माझे कुतूहल असे चाळवले की आलेल्या कामाचा मला काही काळ विसर पडला. व्हरांड्यात काळ्या कडप्प्याची लादी होती. मुले वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून त्यावर हातभर मोठे ‘क’ काढत, आणि पहिला सुकेपर्यंत दुसरा. बाई मुळाक्षरे क्रमाने शिकवत नव्हत्या. क, म, ल, र आणि एक काना, एवढ्या भांडवलावर त्यांची मुले ‘काका’, ‘काम’, ‘माल’, ‘कमाल’ असे काय काय जुळवत बसली होती. अ पासून आरंभ का नाही, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “ओळीने गेलं तर वाटेत ‘ङ’ लागतो. त्याने सुरू होणारा एक शब्द सांगा, उद्यापासून ओळीने शिकवते.” मी पुष्कळ विचार केला. इतक्या वर्षांत ते अक्षर एकाही अर्जात सुटे लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला नाही, हे मला मान्य करावे लागले.

हिशेबाची तऱ्हाही तशीच. माडाच्या झावळीचे हीर, दहा दहांच्या जुड्या बांधलेले, आणि बाकीचे सुटे. एका मुलाने ‘पंचवीस’ म्हणत पाटीवर बावन्न लिहिले. मी असतो तर कान धरला असता. बाईंनी फक्त म्हटले, “हातात घेऊन दाखव.” त्याने पाच जुड्या उचलल्या, दोन सुटे उचलले, मग स्वतःच थबकला आणि म्हणाला, “एवढे नायत.” बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तोंडाने पाच आधी म्हणायचे आणि हाताने दोन आधी लिहायचे. तो ऐकलं तसं लिहितो. चूक त्याची कशी?”

मग त्यांनी मला फळ्यावर एक वाक्य लिहिण्याची विनंती केली. मी माझ्या पद्धतीने आधी डावीकडून उजवीकडे एक अखंड रेघ ओढली आणि तिच्याखाली अक्षरे टांगत गेलो. काम उत्तम साधले होते. मग छोटी स्वरा उठली, फळ्यापाशी आली, आपले बोट माझ्या अक्षरांवर इथेतिथे ठेवून पाहू लागली आणि म्हणाली, “बाई, ह्यात बोट मावत नाय.” त्या वर्गाची रीत अशी की एक शब्द लिहून झाला की त्याच्या शेवटी डाव्या हाताचे बोट टेकवायचे आणि बोटाच्या पलीकडे पुढचा शब्द सुरू करायचा. मी बाईंना खुलासा केला. माझे गुरू, एक जुने अर्जनवीस, यांची शिकवण होती की कागदावर फट ठेवू नये. फट दिसली की कोणी तिथे एखादा ‘न’ घुसडतो आणि ‘देणार’चे ‘न देणार’ होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाचणारा चोर आहे असं धरून लिहिता. माझा वाचणारा सहा वर्षांचा आहे.”

अर्ज मी लिहिला. जे समक्ष पाहिले ते सर्व, ना कमी ना जास्त. आमच्या व्यवसायात सही-अंगठ्यापूर्वी मजकूर पक्षकाराला वाचून दाखवावा लागतो, आणि शेवटी ‘वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे’ असे लिहिल्याखेरीज मी सही घेत नाही. त्याप्रमाणे मी तिन्ही बायकांसमोर वाचत गेलो. सदर शिक्षिका मुळाक्षरे क्रमाने म्हणवून घेत नाहीत; त्याऐवजी मुले स्वतः शब्द जुळवतात; मुलगा आपली चूक मोजून स्वतः ओळखतो... मी ‘सबब’ या शब्दापाशी आलो आणि सुलभाने मला अडवले.

“भाऊ, तुमी कोनाच्या बाजूने?”

“मी कागदाच्या बाजूने.”

“ह्यात तक्रार कुठाय? ही तर बाईंची तारीफ झाली.”

“पाहिले ते लिहिले. ‘सबब’च्या पुढे काय मागायचे ते तुम्ही सांगा.”

तिने बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळले. बरोबरच्या दोघींनी आपली मुले पुढच्याच आठवड्यात गाडीत बसवली, हेही नमूद करतो. सुलभा म्हणाली, “दिवाली होऊ दे. तवर पोरगी वाचायला लागली नाय, तर मी सही करनार नि तिला गाडीत बसवनार.” तिच्या मागोमाग उरलेली मुलेही जाणार हे उघड होते. बाईंना मी हे कळवले. त्या एवढेच म्हणाल्या, “पोरीला ही दिवाळीची मुदत माहीत नाही ना? मग ठीक.”

दिवाळीनंतर सुलभा शिधापत्रिकेच्या कामासाठी आली. मी अर्ज पुढे ठेवला. “र्‍हाऊ दे,” ती म्हणाली. “काल स्टँडवर यष्टी लागत होती. मी पिशवी घेऊन उठले, तर ही म्हनते, आये, बस खाली, ही देवरूखची. मी म्हटलं, गप. गाडी लागली... तर देवरूखचीच.” मग अर्जाचे काय करायचे, असे मी विचारले. “ठेवा तुमच्यापाशी. पुढल्या पोराला लागंल.” आणि ती हसत निघून गेली.

ही हकीगत मी बाईंना सांगितली तेव्हा त्या आनंदतील असे मला वाटले होते. त्या एकदम उत्सुक झाल्या. “पाटी दिसल्यावर लगेच म्हणाली की थांबून? ओठ हलले होते का?” मला काय ठाऊक? सुलभा तर पिशवी उचलत होती. “सगळ्यांचं असंच,” बाई म्हणाल्या. “काल रेघा दिसत होत्या, आज शब्द दिसतो. मध्ये कधीतरी ते घडतं. तेवढा क्षण मला एकदा बघायचाय, अर्जवाले. दर वर्षी टपून बसते, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, बाई, एकीला जाऊ?”

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि रत्नागिरीत भाचीकडे राहायला आल्या. बाजारातून परतताना माझ्या मेजापाशी टेकत. आमच्या गप्पा त्याच. मूल ‘उ’ आरशातल्यासारखा उलटा का काढते? शून्य समजायला ‘नाही’ समजावे लागते का? पुष्कळ प्रश्नांना त्या “माहीत नाही” असे उत्तर देत, आणि ते उत्तर देताना त्यांचा चेहरा उजळलेला असे. मी आयुष्यभर लेखणीवर जगलो. परंतु लिहिणे ही वस्तू मुळात काय आहे, हा विचार माझ्या मनात त्यांच्यामुळे शिरला.

गेल्या वर्षी बाईंच्या मेंदूत रक्ताची बारीक गाठ झाली. वाचा शाबूत राहिली, हातपाय शाबूत राहिले. गेले ते फक्त वाचन. मी भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे याची मनात जुळवाजुळव करत होतो, तर त्याच म्हणाल्या, “अर्जवाले, गंमत बघा.” त्यांनी कागदावर सरसर लिहिले आणि मला दाखवले. “काय लिहिलंय?” मी म्हणालो, “मालती पाष्टे.” “असेल,” त्या म्हणाल्या. “हाताला येतं. डोळ्यांना नुसत्या रेघा दिसतात.” मी कागदाची घडी करू लागलो. बाईंना मात्र सांगण्याची घाई झाली होती. “पहिलीतल्या पोराला फळा कसा दिसतो, हे मी जन्मभर विचारत होते. कोणाला सांगता येत नव्हतं. आता दिसला.”

पुन्हा वाचता येईल की नाही, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. बाईंनी स्वतःच वाट शोधली. अक्षरावरून बोट फिरवले की हाताला ते ओळखू येई, आणि हात तोंडाला सांगे. मग दर सुट्टीच्या दिवशी मी जाऊन त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात वाक्ये लिहू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांचे बोट माझ्या अखंड रेघेखाली अडखळत राहिले. शब्द कुठे संपतो ते त्यांना कळेना. मी कागद उलटला, एक शब्द लिहिला, डाव्या हाताचे बोट टेकवले आणि त्याच्या पलीकडे दुसरा लिहिला. तेव्हापासून माझ्या हाताला ती सवय लागली आणि ती अर्जांतही उतरली. एकदा सवयीने ‘सदर’ लिहून गेलो, तर बोट फिरवता फिरवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “पहिलीत सदर नसतं.”

आमच्या अखेरच्या भेटीत मी लिहिले, ‘आज पेज आहे’. कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि लेखणीचे टोपण शोधू लागलो.

“पेज? कोणी केली?” बाई म्हणाल्या.

मी वर पाहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. “बाई, तुम्ही बोट लावले नाही,” मी म्हणालो. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग हाताकडे. “नाही लावलं.” मग कधी कळले? कसे कळले? मी अधीरपणे विचारत सुटलो. त्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ त्या आतल्या आत शोधत होत्या...

“तुम्ही विचारलंत तोवर कळून गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “पेज कोणी केली, एवढंच मनात होतं.” आणि मग हसू लागल्या. “तो क्षण परत हुकला.”

परवा मी त्यांच्या भाचीकडे जाऊन आलो. बाईंच्या खोलीच्या दारात काळ्या कडप्प्याची पायरी आहे. आजारपणात त्या तिथे बसून पाण्याने अक्षरे गिरवत. वाटी अजून उंबऱ्याशी ठेवलेली आहे आणि भाची ती रोज भरते. मी पायरीशी बसलो. बोट बुडवून ‘पाष्टे’ लिहिले, डाव्या हाताचे बोट टेकवले, पलीकडे ‘बाई’ लिहिले. ऊन होते. अक्षर नेमके कोणत्या क्षणी नाहीसे होते ते पाहायचेच, असे ठरवून मी नजर रोखून बसलो. काने बारीक होत गेले, मात्रा तुटली... आतून भाचीने विचारले, “भाऊ, चहा घेणार ना?” मी मान वळवून “हो” म्हणालो.

पुन्हा पाहिले तेव्हा पायरी कोरडी होती, आणि तिच्यावर माझे बोट टेकलेले होते.