संग्रहातलं शेवटचं गाणं

दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी ती बाई गाणी लिहिते, हे तिथल्या निम्म्या पेशंटना ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी धाकट्या भावाच्या खोलीत, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खिडकीला गादी टेकवून, ती गायची आणि भाऊ गिटार वाजवायचा. पहिला अल्बम दोघांनी असाच काढला, कुठल्याही कंपनीचं दार न ठोठावता.

एका मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने त्याची दखल घेतली, पण ती अशी: ‘हा आवाज म्हणजे रिकाम्या घरात वाजणारा फोन. कुणी उचलत नाही, कुणी उचलूही नये. आणि ती गिटार? कुणीतरी झोपेत कूस बदलतंय.’

“जाऊ दे गं, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?” वडील म्हणाले. महिन्याभरात भावाने गिटार विकून टाकली. त्या दिवसापासून त्या समीक्षकाचं नाव निघालं की तिचा जबडा आवळायचा.

दवाखान्यातली नोकरी सांभाळून ती गात राहिली. वर्षं गेली, अल्बम आले, ऐकणारे वाढले. मग निवडक गाण्यांचा संग्रह काढायचं ठरलं. सगळी जुनी गाणी आणि शेवटी एकच नवं. त्याचे शब्द तिने लिहिलेच नाहीत. समीक्षकाची ती वाक्यं अक्षरही न बदलता उचलली आणि त्यांना इतकी हळवी चाल लावली की रेकॉर्डिंग करणाऱ्याचे डोळे भरून आले.

“काय लिहिलंयस!”

“मी कुठं लिहिलंय,” ती म्हणाली. त्याला तो विनय वाटला.

संग्रहावर बरंच छापून आलं. एकाने लिहिलं, जुनी रेकॉर्डिंग डब्यातून आल्यासारखी वाटतात, मधली काही गाणी गाळली असती तरी चाललं असतं. तिने मान डोलावली. खरंच होतं ते. दुसरीने तोंड भरून कौतुक केलं. तिला मात्र एकाच माणसाची प्रतीक्षा होती, आणि त्याचंही परीक्षण आलं. ‘या गायिकेवर माझा पहिल्यापासून विश्वास होता. शेवटचं गाणं तर कळसच! रिकाम्या घरातला फोन... असं लिहायला आयुष्य सोसावं लागतं.’

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याची दोन्ही परीक्षणं शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकला. वर लिहिलं, ‘गीतकाराचे आभार.’

संध्याकाळपर्यंत शहरभर हशा पिकला. समीक्षकाचा फोन थेट दवाखान्यात आला.

“ही दगाबाजी आहे!”

“शब्द तुमचेच आहेत, साहेब. चाल तेवढी माझी.”

“मी इतकं लिहितो, सगळं लक्षात राहतं का?”

“मला राहिलं.”

तो एकदम नरमला. “चुकलं माझं. काढून टाका तो फोटो.”

“दात दाखवायचे असतील तर वेळ देते. नाहीतर लोक खोळंबलेत.” तिने फोन ठेवला.

पुढे त्याचं सदर बंद झालं. ती केक घेऊन ही बातमी सांगायला भावाकडे गेली. तो अंगणात मुलीच्या सायकलची चेन बसवत होता. ऐकून तो हसला नाही.

“ताई, गिटार मी त्याच्यामुळे नव्हती विकली. मला कंटाळा आला होता. तुला सांगायला धीर झाला नाही.”

तिने केक पायरीवर ठेवला.

“आता तरी सोड त्याला,” भाऊ म्हणाला.

“त्याने दोघांना बोल लावला होता. तुझ्यापुरतं तू माफ कर,” ती म्हणाली. “माझ्यापुरतं मी नाही करणार. जा, ग्रीसचे हात धुऊन ये.”