गाडी गॅस घेईना

विहीणबाईंनी वर्ध्याहून फोनवर स्पष्टच सांगितलं, "भाऊ, गाडीत एसी चालत असंल तर पोरीले घेऊन जा. नसंल तर बाळंतपण इथंच करू. आम्हाले काही जड नाही."

बोलणं गोड होतं, पण मला झोंबलं. मुलगी एकुलती एक, आणि पहिलं बाळंतपण माहेरी हे आमच्याकडे ठरलेलंच. सोमवारी तिला आठवा लागत होता. आठव्यात प्रवास करायचा नाही, यावर दोन्ही घरांचं एकमत. म्हणजे रविवारीच आणायचं होतं, तेही मे महिन्यात. "आमच्या गाडीत स्वेटर घालावं लागते," असं ठणकावून मी फोन ठेवला.

शनिवारी खात्री करायला एसी लावला तर भट्टीची हवा.

हिंगण्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला आहे, त्यामुळे निदान करायला मला मिनिटही लागत नाही. गॅस संपला होता. का संपला, तेही उघड होतं. मागच्या आठवड्यात बायको गाडी घेऊन भिशीला गेली होती, आणि काचा उघड्या ठेवून एसी लावायची तिला खोड आहे.

"काचांतून गॅस उडून जाते काय?" तिनं विचारलं.

"तुले नाही समजत त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य मी संसारात फार वापरलं आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं नंदनवन भागातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. परस्पर तिथूनच वर्ध्याला निघायचा बेत होता. मेकॅनिक पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. "आधी पाहून घेतो," म्हणाला.

"पाहाचं काय त्यात? जुना गॅस काढ, नवा भर."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नळ्या जोडल्या, होता तो गॅस काढला आणि नवा सोडला. थोडा आत गेला आणि काटा थांबला. मी म्हटलं, सिलिंडर हलव. त्यानं हलवलं. मी म्हटलं, गाडीची रेस वाढव. तीही वाढवली. काटा ढिम्म.

"भाऊ, गाडी गॅस घेऊनच नाही राहिली. कॉम्प्रेसर ओढन तवा जाईन नं. तो फिरूनच नाही राहिला."

दहा वाजून गेले होते. बायको स्टुलावर बसून पेपरनं वारा घेत होती. मला तर पुढचं चित्रच दिसायला लागलं. नातवंडाला पाहायला पेढ्यांचा पुडा घेऊन पाहुण्यासारखा वर्ध्याला गेलेला मी, आणि विहीणबाई म्हणताहेत, "हात धुऊन घ्या हो, भाऊ."

मेकॅनिकनं बॅटरीवरून एक वायर थेट कॉम्प्रेसरला लावली. टक्क! कॉम्प्रेसर फिरायला लागला. म्हणजे तो ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. मग त्यानं फ्यूजचा डबा उघडला आणि एसीचा रिले उपसला. रिले म्हणजे वीज पुढे सोडणारा, काड्यापेटीपेक्षाही लहान काळा ठोकळा. हा जळालेला होता, आणि त्याच्यावर लाल ठिपका होता.

"हे निशाण कोणं केलं?"

बायको उठली. चष्मा लावला. "हे तर माझं नेलपॉलिश आहे. इथं काहून आलं?"

आणि मला सगळं आठवलं. थंडीत इतवारीच्या गल्लीत हातगाड्यांमध्ये अडकलो असताना माझा हॉर्न बंद पडला होता. हॉर्नशिवाय मी अर्धा माणूस. घराच्या फाटकाशीही मी दोनदा पीं-पीं करतो. लहानपणापासून मुलगी ते ऐकून धावत यायची आणि फाटक उघडायची. ती सासरी गेल्यापासून बायको उघडते, कुरकुरत. तर जळाला होता हॉर्नचा रिले. एसीचा अगदी तसाच असतो, आणि थंडीत एसी कोणाला हवा? मी अदलाबदल केली. पुढे गोंधळ नको म्हणून घरी येऊन जळक्यावर ठिपकाही दिला. नवा पुढच्या आठवड्यात आणणार होतो.

"मी काही म्हटलं काय?" बायको म्हणाली.

रविवार असल्यामुळे पार्टची दुकानं बंद होती. मेकॅनिकनं चांगला रिले तळहातावर धरला. "एकच आहे, भाऊ. हॉर्न पाहिजे का एसी? हॉर्न डायरेक्ट करून देतो, पण मंग तो बंद नाही होणार."

माझ्याआधी बायकोनंच उत्तर दिलं. रिले एसीत बसला आणि गाडी घटाघटा गॅस प्यायली.

वर्ध्याला विहीणबाईंनी स्वतः पुढच्या सीटवर बसून पाच मिनिटं हवा खाल्ली, मगच मुलीची बॅग डिकीत ठेवू दिली. परतताना शेळ्यांचा कळप आडवा आला. मी काच खाली करून ओरडलो, "बाजू घे गाऽऽ!"

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, काच लावा नं, गॅस उडून जाईन!" मायलेकी खिदळल्या. म्हणजे फोनवर सगळं सांगून झालं होतं. मी मुकाट्यानं काच लावली आणि शेळ्या जाईपर्यंत थांबलो. असा मी आजवर कोणासाठी थांबलो नव्हतो.

शहर जवळ येईतो मुलगी आईच्या खांद्यावर झोपली. घराशी आलो आणि सवयीनं हात हॉर्नवर गेला. दोनदा दाबला. आवाज कुठला येणार?

मागून मुलगी डोळे न उघडताच म्हणाली, "पीं-पीं." आणि एका हातानं पोट सावरत दुसऱ्या हातानं दाराचा खटका शोधू लागली.

"बस तू," मी म्हणालो आणि भर उन्हात उतरलो. इतक्या वर्षांत ते फाटक मी स्वतः कधी उघडलं नव्हतं. कडी वर उचलायची की बाजूला सरकवायची, हे बायकोला गाडीतूनच ओरडून सांगावं लागलं.