यादीवरचा हिरवा डाग
परवा सिग्नलला कुठून तरी कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास आला आणि तो दिवस आठवला. मुलीला विश्रांतवाडीहून रोज एकटीने तासभर गर्दीतून कामाला जायचं होतं, म्हणून आम्ही जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन बाइक बघत होतो, एक एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्यावर थंड होणारी, आणि एक लिक्विड-कूल्ड, म्हणजे कूलंटवर थंड होणारी. पहिली गर्दीत तापून बंद पडेल, दुसरीचं कूलंट गळलं तर इंजिन धावतानाच जाम होईल, अशा दोन भीती आणि बावीस प्रश्नांची यादी घेऊन मी उभी होते. "काकू, गाडी घ्यायचीय का मुलाखत?" दुकानदार म्हणाला. "दोन्ही. इंजिन चालू राहू द्या." लिक्विड-कूल्ड बाइक सगळ्या प्रश्नांत पास झाली. "आई, आता तरी हो म्हण," मुलगी म्हणाली. चेनचा ताण बघायला वाकताना मी यादी गाडीखाली ठेवली होती. उचलली तेव्हा सोळाव्या प्रश्नावर गोडसर वासाचा हिरवा थेंब पसरत होता. "आत्ताच धुतलीय हो," तो म्हणाला. "हिरव्या पाण्याने?" मी विचारलं. मुलगी एअर-कूल्ड बाइककडे वळली. अजून तीच चालवते, पोचली की मेसेज करते. आणि कुणी जुनी गाडी बघायला नेलं, तर मी आधी गाडीखाली कोरा कागद सरकवते. यादी नंतर काढते.