मार्क कुणी आधी सांगायचे

लेक लातूरला क्लाससाठी गेली, त्याच दिवशी ह्यांनी क्लासचं ॲप फोनमध्ये घेतलं. आम्ही नांदेडला. ती वर्गात शिरली की ॲप वाजायचं, टेस्टचे मार्क लागले की वाजायचं, आणि हे जेवता जेवता डाव्या हाताने फोन उचलायचे. माझा जीव लई वैतागायचा. पण बोलणार काय? लातूरकडे भूकंप झाला तेव्हा हे शाळकरी, मामाच्या गावी होते, आणि घर तिकडंच. घरचे जिवंत आहेत हे कळायला दुसरा दिवस मावळला होता. तेव्हापासून आपलं माणूस कसं आहे, हे ह्यांना लगेच कळायला लागतं.

हळूहळू लेकीचं बोलणं आटलं. आधी मेसच्या भाजीपासून रूममेटच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगायची, आता नुसतं हाव, न्हाई. दिवाळीला आली तेव्हा मी खोदून विचारलं.

"सांगू काय आई? मी वर्गातून बाहेर यायच्या आत बाबांना मार्क कळलेले असतात. फोन उचलला की तिथूनच सुरू होतात."

ती परत गेल्यावर मी ह्यांना सरळ सांगितलं, ते ॲप काढा. क्लासची वेबसाईट आहे, तिथंही तेच दिसतं, फक्त ती आपणहून हाका मारत नाही. बघायचंच असेल तर पासवर्ड टाकून जाऊन बघा. आणि लेकीलाही कळवा. मग एका सकाळी, चहा गार होईस्तोवर फोन हातात धरून, ह्यांनी शेवटी ॲप काढलं एकदाचं, आणि लेकीलाही तसं कळवलं.

पुढे तिची मोठी टेस्ट झाली. संध्याकाळी हे गॅलरीत वेबसाईट उघडून बसले होते. मीही मागून वाकून पाहिलं. फिजिक्समध्ये पोरगी पार आपटली होती. ह्यांचा चेहरा उतरला, पण तिला फोन लावला नाही.

जेवायच्या आधी तिचाच फोन आला. बाबांनाच मागितलं. मी फोन स्पीकरवर करून ह्यांच्या हातात दिला.

"बाबा, रिझल्ट बघितला का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई बाई. तू सांग की."

ती सांगत गेली, मध्येच रडली, आणि हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे बरं, बरं म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा ह्यांचे डोळे भरले होते.

"सांगितलं तिनं मला," म्हणाले.