सोळा पानांत न मावलेलं उत्तर

बेल्याहून वांगी घेऊन येणाऱ्या बाईंनी टोपली उतरवता उतरवता सांगितलं, "तुमचे शमुवेल मास्तर गेले ना जी. काल माती झाली." मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली. पुढचं आठवत नाही. त्याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून लिहायला बसतो आणि उठतो... मास्तर किती भले होते हे लिहिणं सोपं आहे. पण त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्या नावाला जो डाग लागला, तो माझ्या छापखान्यात लागला, हे तीस वर्षं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आदिलाबादेत माझा खिळे जुळवून छापायचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीबुकं, आरत्यांच्या पुस्तिका. मास्तर बेल्याला मराठी शाळेत शिकवत आणि पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, नसले की रविवारी तिथल्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश करत. शाळेची प्रश्नपत्रिका छापायला आले आणि मग येतच राहिले. टेबलावर पडलेलं कुणाचंही प्रूफ उचलून वाचायचे. "शेठ, नवरदेवाच्या आज्याचं नाव चुकलं, बगा. म्हातारा मांडवात रुसंल." मी देवघरात रोज दिवा लावणारा माणूस, ते प्रार्थनेशिवाय घास न घेणारे. आमचं त्यावरून कधी वाजलं नाही.

एका रविवारी मंडळीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं, की अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक त्रैक्य मानत होते काय? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे, पण देव एकच, ही ती शिकवण. ती मागाहून रचली, असं त्या माणसानं कुठंतरी ऐकलं होतं. मास्तरांनी घाईनं उत्तर दिलं नाही. वाचून सांगतो म्हणाले, आणि नागपूरहून जुन्या ग्रंथांची भाषांतरं आणून दोन वर्षं वाचत बसले. त्यातून त्यांची पुस्तिका झाली. मी एकदा म्हटलं, "मानत होते की नव्हते, एका वाक्यात सांगा ना." ते हसले. "शेठ, हे काय लग्नपत्रिका हाय? आता असं बगा, कापूस घरात आला म्हंजे लुगडं झालं काय? नाई. पन मंग घर रिकामं हाय, असं म्हनाल काय?"

मला ते तेव्हा ऐकायला आवडलं. समजलं मात्र नव्हतं.

पुस्तिकेची पानं अठरा झाली. मास्तरांनी अठराच्या अठरा पानांची प्रुफं वाचून सही केली आणि ते गावी गेले. पुस्तिका जिथं वाटायची ते मंडळ्यांचं वार्षिक संमेलन चार दिवसांवर आलेलं, लग्नसराईची गर्दी, आणि माझा फर्मा सोळा पानांचा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम सोळाच पानं छापून निघत. दोन पानांसाठी दुसरा फर्मा लावायचा म्हणजे संमेलन चुकणार. मी शेवटची दोन पानं चाळली. आधीच्या सोळा पानांत माहिती होती : त्या लेखकांत आजच्यासारखी बांधीव शिकवण सापडत नाही, काहींनी पुत्राला पित्याच्या खालचा मानलं, नेमके शब्द चौथ्या शतकात धर्मसभांतल्या मोठ्या वादांनंतर ठरले. शेवटी मला नुसती भक्ती दिसली. ती पानं मी काढली. मास्तरांना विचारलं नाही.

संमेलनानंतर ते पुस्तिका घेऊन आले.

"शेठ, शेवटची पानं कुठी गेली?"

"सोळात बसत नव्हतं, मास्तर. शेवटी भक्तीच तर होती..."

ते स्टुलावर बसले, पुस्तिकेचं शेवटचं पान उलटलं. मग म्हणाले, "भक्ती नोती ते. उत्तर होतं."

पुस्तिका वाचून, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी त्यांना रविवारी जाब द्यायला बोलावलं होतं. "तुमी येऊन सांगाल काय, का पानं तुमी काढली म्हनून?" मी म्हटलं, "येतो की." गेलो नाही. 'तुमच्या मजकुरातला काना-मात्रा हलणार नाही' अशी पाटी मीच दारावर लावली होती. चार लोकांत ते कसं कबूल करायचं, एवढंच कारण. मी त्या रविवारी पत्रिका छापत बसलो. मास्तरांनी तिथं माझं नाव घेतलं नाही. पुस्तिकेवर नाव आपलं आहे, एवढंच म्हणाले. त्रैक्य नाकारणारा म्हणून त्यांचा उपदेश बंद झाला. पुढं दर रविवारी ते शेवटच्या बाकावर बसत. माझ्याकडे चहाला येत, प्रुफं वाचत... त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

परवा बेल्याला मास्तरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत पुस्तिकेच्या उरलेल्या पन्नासेक प्रती होत्या. प्रत्येकीत शेवटी दोन पानं मास्तरांच्या हस्ताक्षरात, खळीनं चिकटवलेली. मी उभ्याउभ्याच वाचली. त्याच लेखकांची मंडळी तिन्ही नावांनी बाप्तिस्मा देत होती, ख्रिस्ताला देव मानून गात होती, त्याचं नाव सोडण्यापेक्षा मरण पत्करत होती. शिकवण त्यांनी बांधली नव्हती, पण ते जगत होते तिच्यातच, आणि तिच्यासाठी शब्द शोधत होते. म्हणून ते मानत नव्हते असं म्हणू नये, आणि आपल्यासारखंच मानत होते असंही म्हणू नये. मीही त्या शोधणाऱ्यांतलाच एक आहे, असं मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं.

"वहिनी, ह्या प्रती काऊन वाटल्या नाहीत त्यांनी?"

"मीबी इचारलं होतं. म्हने, वाटल्या तर लोक पुसतील, पानं गाळली कोनी." त्या माझ्याकडे वळल्या. "कोनी गाळली, भाऊजी?"

"मी."

त्यांनी पदरानं पेटीवरची धूळ पुसली. मग पेटी माझ्याकडे सरकवली. "मंग तुमीच वाटा."

पेटी आता माझ्या टेबलावर आहे. येत्या रविवारी बेल्याच्या मंडळीच्या दारात उभा राहून प्रती देणार आहे, आणि विचारलं तर सांगणार आहे. सगळ्यात खालच्या प्रतीत मास्तरांनी अर्धंच पान उतरवलेलं आहे. उरलेलं मी रोज थोडं थोडं लिहितो. अक्षर त्यांच्यापेक्षा वेगळं दिसतं. ते तसंच दिसू दे.