शाकाहारी हौदातला शिंगाळा

डोंबिवलीच्या शिकलेल्या लोकांना मासा म्हणजे शेपूट असलेलं पडवळ वाटतं, असं माझं मत झालं त्याला पुष्कळ वर्षं लोटली. ते बदलावं असं त्यांनी अजून काही केलेलं नाही.

माझा धंदा कल्याणला, लष्कराच्या मोडीत निघालेल्या मालाचा. लढाई संपल्यावर छावणीतली पिंपं, पत्रे, नळ, खाटा असं सगळं लिलावात निघू लागलं. मी देशावरून अंगावरच्या कपड्यानिशी आलेलो. इंग्रजी येत नव्हतं, पण समोरच्याला त्याचा माल कधी नकोसा झालाय हे मला त्याच्या तोंडावरून कळायचं. तेवढ्या भांडवलावर वखार उभी राहिली. एका लिलावात पाण्याची लोखंडी टाकी आली, लहान खोलीएवढी. सांध्यातून गळत होती म्हणून गिऱ्हाईक मिळेना. मी सिमेंट लावून गळती बंद केली, तरीही ती आमच्या दाराशीच पडून राहिली.

कळव्याचा एक म्हातारा उन्हाळ्यात वरच्या अंगाला नदीच्या डोहांवर मासे धरायला जायचा. एकदा त्याच्या टोपलीत ओल्या गोणपाटाखाली जिवंत शिंगाळा होता. हातभर लांब, चपट्या तोंडाचा, आणि मिशा पोटापर्यंत पोचलेल्या. मी भाव इतका पाडला की म्हातारा भडकला.

"घे शेट, फुकटात घेतल्यावानी घे! पन ह्यो जित्ता ठेवून दाव. आठ दीस नाय टिकाचा तुज्याकडं."

तो गप्प बसला असता तर त्या संध्याकाळी शिंगाळ्याचं कालवण झालं असतं. मी उठलो आणि मासा टाकीत सोडला.

तो सात वर्षं टिकला. त्याला कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नाही. जे चुकलं त्यातून मी शिकलो. सगळं पाणी एकदम बदललं तेव्हा तो दोन दिवस वर तोंड काढून श्वास घेत राहिला. तेव्हापासून तिसरा हिस्साच काढायचा आणि नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचं, असा नियम केला. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून टाकीवर पत्रा टाकला आणि तळाशी एक अर्धं कापलेलं पिंप आडवं ठेवलं. त्यात तो दिवसभर पडून असायचा. खाणं दिवस मावळताना: खाटकाकडची कोंबडीची आतडी, गांडुळं, मिळाली तर कोळंबी. पाठीवरच्या काट्याने त्याने एकदा माझा तळहात फाडला. चूक माझी होती, मी मागून धरलं होतं. पुढे तो अडीच हातांचा झाला. माझं पाऊल वाजलं की पिंपाच्या तोंडाशी आधी त्याच्या मिशा दिसायच्या.

डोंबिवलीच्या एका नव्या सोसायटीचे सेक्रेटरी बागेसाठी नळ घ्यायला आले ते तेव्हाच. सरकारी नोकरीतून निवृत्त, गळाबंद कोट, जाड चष्मा. नळ राहिले बाजूला, ते टाकीशीच खिळले.

"हा प्राणी आपण विकणार का? बागेत हौद बांधलाय आम्ही. मुलांना निसर्गज्ञान होईल."

आयुष्यात मला 'आपण' म्हणणारा हा पहिला माणूस. तिथेच माझं डोकं फिरलं असावं. मी म्हटलं, विकायचा नाही. तुमच्यात एक प्लॉट शिल्लक आहे असं ऐकतो. मला सभासद करून घ्या, प्लॉटचे तुमच्या दराने पैसे भरतो. मासा असाच घेऊन जा.

"बघू. समितीपुढे ठेवतो."

ते गेल्यावर बायको दारात आली. पत्र्याखाली राहून तिला उन्हाळे नकोसे झाले होते. गच्ची असलेलं घर ही तिची एकच मागणी.

"बघू म्हणाले?"

"हो."

"तुम्ही गिऱ्हाइकाला बघू म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतं?"

मी तिच्यावर खेकसलो. ज्याने आयुष्यात माल हातात आल्याशिवाय पिंपाचं झाकणसुद्धा सोडलं नाही, त्या मी माझा शिंगाळा एका 'बघू'वर पाण्याच्या पिंपात घालून बैलगाडीने डोंबिवलीला पाठवला. सावली, पाणी, आडोसा, खाणं, सगळं सेक्रेटरींना समजावून सांगितलं. त्यांनी वहीत सुंदर अक्षरात लिहूनही घेतलं. लिहून घेतलं की काम झालं, अशी या लोकांची समजूत असते.

पंधरा दिवसांनी अर्जाचं विचारायला गेलो. हौद गुडघाभर खोल, आतून आकाशी रंगवलेला, भर उन्हात. मासा नीट दिसावा म्हणून आडोसा काढून टाकलेला. शिंगाळा एका कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून पडला होता आणि पाण्यावर कुरमुरे फुगून तरंगत होते. कडेला पाटी होती: 'राजमत्स्य. हात लावू नये.'

"खायला काय घालता?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"कुरमुरे, कणकेचे गोळे. आवारात मांसमच्छी आणायची नाही असा नियम आहे आमचा."

"मग हा काय आहे?"

"हा जिवंत आहे हो!"

अर्जाचं काय म्हटलं तर "येत्या बैठकीत". मी मुकाट्याने परत आलो. प्लॉट हवा होता ना.

पण पुढच्या खेपेला जेवणाच्या डब्यात आतडी नेली. माळी मानपाड्याचा, मासे खाणारा; त्याने न पाहिल्यासारखं करून पाठ फिरवली. शिंगाळ्याने माझं पाऊल ओळखलं, वळला, आणि हातातून तुकडा ओढून घेतला. डोकं तेवढंच होतं, पण पोट खपाटीला गेलेलं आणि पाठीवर उन्हाने पांढरे चट्टे. असा मी महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी जात राहिलो. कल्याणचा व्यापारी, माशासाठी डबा लपवून हिंडतोय! शेवटी फिरायला निघालेल्या एका सभासदाने हटकलंच.

"डब्यात काय आहे?"

"भाजी."

"कसली?"

"तुमच्यात होत नाही ती."

अर्ध्या तासात मी कचेरीत होतो. सेक्रेटरींनी एक कागद पुढे सरकवला. आवारात मांसान्न आणणार नाही व हौदातील माशास कोणतेही खाद्य घालणार नाही, असं मी लिहून द्यायचं होतं.

"सही करा. आपल्या अर्जाचं अनुकूल होत आलंय. रविवारी बैठक आहे."

मी टाक हातात घेतला. गच्ची डोळ्यांपुढे आली, गच्चीवर पापड वाळत घालणारी बायकोही आली. खिडकीतून हौद दिसत होता. शिंगाळा कुशीवर कलला होता आणि त्याचा एक डोळा उन्हाकडे होता.

"मी घालणार नाही असं लिहून देतो," मी म्हटलं. "मग तो खाणार काय?"

"उपाशी नाही ठेवत आम्ही. परवा एकादशीला साबुदाण्याची खिचडीसुद्धा घातली."

मी टाक टेबलावर असा आपटला की शाई त्यांच्या कोटावर उडाली. "माझा मासा परत द्या!"

त्यांनी शांतपणे वही उघडून दाखवली. मासा 'देणगी' म्हणून नोंदलेला होता. सोसायटीची मालमत्ता.

हाणामारी करण्यात अर्थ नव्हता. समोरच्याला माल नकोसा कसा करायचा हे मला येत होतं. बाहेर हौदाच्या कडेवर चार बायका लहान मुलांना बसवून गप्पा मारत होत्या. मी तिथे थांबलो आणि माळ्याला मोठ्याने सांगितलं, "पोरांना हात पाण्यात घालू देऊ नकोस रे. हा उपाशी आहे. पोट भरलेलं असताना याने माझा हात काय केलाय बघ," आणि तळहातावरची खूण वर धरली. काट्याने की दातांनी, ते मला कुणी विचारलं नाही. बायकांनी पोरं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी वखारीत हजर. "आपला मासा घेऊन जा. आजच्या आज."

"नेतो. पण पिंपात तुम्ही घालायचा. माझी माणसं कामात आहेत."

"आम्ही? अहो, आमच्यात कुणी..."

"मग राहू द्या."

दुपारी सेक्रेटरी आणि तीन सभासद धोतरं खोचून हौदात उभे होते. वर गच्च्यांवर झाडून सगळ्या बायका. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एखाद्या मजुराला बोलवू का? आणि हे बघा, प्लॉटचंही बघू आपण."

माळी माझ्या शेजारी ओलं गोणपाट घेऊन उभा होता. सेक्रेटरी बाजूला सरकल्यावर तो पुटपुटला, "कसला प्लाट शेट? त्येच्यावर सायबांच्या साडूचं नाव हाय. तुजा मासा आला त्येच्या आदीपासून."

म्हणजे पिंप गाडीवर चढवलं त्या दिवशी विकायला काही नव्हतंच. हा माणूस माझ्या दारात उभा राहून, मला 'आपण' म्हणून, हातात नसलेला माल देऊन माझा माल घेऊन गेला होता. लष्करी लिलावात मी पुष्कळ लबाड पाहिले, पण त्यांच्याकडे दाखवायला निदान पत्रा तरी असायचा.

"सेक्रेटरी," मी म्हटलं, "डोकं तुम्ही धरा."

त्यांनी धरलं. शिंगाळ्याच्या अंगचा चिकटा त्यांच्या कोटाला कोपरापर्यंत लागला. अंगात जोर उरला नव्हता तरी त्याने एक शेपटी हाणली आणि तिघे सभासद एकमेकांवर बसले. मिशा सेक्रेटरींच्या हनुवटीवरून फिरत होत्या आणि ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. स्तोत्र असावं.

घरी टाकीत सोडल्यावर तो सरळ पिंपात गेला आणि बाहेर येईना. "प्लॉट?" बायकोने विचारलं. "साडू," मी म्हटलं. ती आत निघून गेली. मी रोज संध्याकाळी आतडी टाकायचो आणि सकाळी तशीच काढायचो. नवव्या दिवशी मी हिशेबनिसाशी भांडत असताना बायकोची हाक आली, "अहो, मिशा दिसतायत." जाऊन पाहतो तर तिच्याच हातात तुकडा. पाच वर्षांत तिने त्या टाकीत बोट घातलं नव्हतं. त्याने तो घेतला.

नंतर तो दोन वर्षं जगला. उन्हाकडचा डोळा मात्र गेला तो गेलाच. सोसायटीने हौद मातीने भरून त्यात शेवंती लावली. आम्ही अजून पत्र्याखालीच आहोत.

मध्यंतरी तो साडू वखारीत आला होता. मी त्याला ओळखत होतो, तो मला नाही. गच्ची पहिल्या पावसाळ्यापासून गळते म्हणाला, वर घालायला चांगले लष्करी पत्रे हवेत. पत्रे त्याच्या डोळ्यांसमोर रचून ठेवलेले होते. मी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आपण कुठे असता, आपलं कसं चाललंय, सगळं अदबीने विचारलं. पत्र्यांचं म्हटलं, बघू.